केअर सेंटर काढताय? आधी हात धुवायची जागा दाखवा



गेल्या काही महिन्यांत बार्शीत आणि आजूबाजूच्या तालुक्यांतल्या बॅचमध्ये एक प्रश्न वारंवार येतोय. "सर, वृद्धांसाठी केअर सेंटर काढायचंय, दहा-बारा बेडचं. धंदा चालेल का?" व्हिडिओत याचं उत्तर मी थोडक्यात दिलं होतं: चालेल. पण ते उत्तर अर्धंच होतं. उरलेलं अर्धं आज लिहितोय, आणि ते काही जणांना आवडणार नाही.

मागणी आहे, यात वादच नाही. 2011 च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढचे लोक दहा कोटींच्या वर होते. महाराष्ट्रात तर जवळपास दर दहा माणसांत एक. आता ते प्रमाण आणखी वाढलंय. आपल्याकडची पोरं पुण्याला, मुंबईला, काही तर थेट परदेशात. आई-वडील इथे, मोठ्या घरात दोघंच. त्यात बार्शी हे दवाखान्यांचं गाव. परांडा, भूम, कळंब, माढा, करमाळा, चहूकडून पेशंट इथे येतात. नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमुळे बार्शीचं नाव लांबवर पोचलंय. ग्रामीण भागातली कॅन्सरची नोंद ठेवायचं काम तर इथे 1987 पासून चालू आहे. ऑपरेशन झालं, डिस्चार्ज मिळाला, पण घरी बघायला कुणी नाही, अशी कुटुंबं रोज दिसतात. म्हणजे गिऱ्हाईक शोधत फिरावं लागणार नाही.

मग अडचण काय? अडचण ही की तुम्ही मला बिझनेस प्लॅन दाखवता, त्यात बेड असतात, टीव्ही असतो, सीसीटीव्ही असतो, बोर्डाचं डिझाइनसुद्धा असतं. पण हात धुवायचं बेसिन कुठे असेल, हे गेल्या वर्षभरात मला एकाच ताईंनी दाखवलं. त्यासुद्धा आधी सिस्टर म्हणून नोकरी केलेल्या.

माझ्या घरातली गोष्ट

माझी आत्या बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं. पुढचे दोन महिने तिला कुठे ठेवायचं, यावर घरात चर्चा झाली आणि एका केअर सेंटरची निवड केली. निवड मी केली. गावाचं, सेंटरचं नाव सांगत नाही, कारण मुद्दा त्यांचा नाही, माझा आहे. मी काय बघितलं? फरशी चकचकीत आहे का, जेवण कसं आहे, महिन्याचा दर किती. मालक गोड बोलले. मी ॲडव्हान्स देऊन मोकळा झालो.

तिसऱ्या आठवड्यात भेटायला गेलो, तर आत्याची लघवीची पिशवी फरशीवर लोळत होती. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण मला माहीतच नव्हतं. त्याच मावशींनी शेजारच्या आजोबांचं डायपर बदललं आणि तसंच येऊन आत्याची पिशवी रिकामी केली. हातात ग्लोव्हज होते. तेच ग्लोव्हज, दोघांना. मला उलट बरं वाटलं, बघा, ग्लोव्हज घालतात!

पाच दिवसांनी आत्याला थंडी वाजून ताप आला. ती काहीबाही बोलायला लागली. सेंटरवाले म्हणाले, वयोमान आहे. त्यांनी मेडिकलमधून गोळ्या आणून दिल्या, त्यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा लघवीतला जंतुसंसर्ग रक्तात उतरला होता. नऊ दिवस आयसीयू. आत्या वाचली, पण वॉकर धरून चालायला लागलेली बाई परत कधी उभी राहिली नाही. पुढच्या वर्षी गेली.

त्या मावशींवर माझा राग नाही. बारा पेशंटला रात्री त्या एकट्याच होत्या. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. शिकवायचं काम मालकाचं होतं, आणि विचारायचं काम माझं होतं. दोघांनीही केलं नाही.

तुम्ही नेमकं काय विकताय?

हा प्रश्न मी प्रत्येक बॅचमध्ये विचारतो. चहावाला चहा विकतो की पाच मिनिटांची उसंत? तसंच इथे. केअर सेंटरवाला बेड विकत नाही. "तुमच्या आईला आमच्यामुळे नवीन काही होणार नाही", हा भरवसा तो विकतो. संसर्ग रोखणं हा या धंद्यातला वरखर्च नाही, तो माल आहे. खानावळीत भाजी जशी, तसं. भाजी खराब असेल तर ताट चांदीचं असून काय उपयोग?

आणि एका छताखाली बारा म्हातारी माणसं ठेवणं म्हणजे काय, हे नीट समजून घ्या. घरी एकाला खोकला झाला तर एकच आजारी पडतो. इथे सगळ्यांचं वय जास्त, प्रतिकारशक्ती कमी, कुणाला मधुमेह, कुणाला लघवीची नळी, कुणाला पाठीवर जखम, आणि सगळ्यांना हात लावणारी माणसं तीच दोन-तीन. रोग एका बेडवरून दुसऱ्या बेडवर स्वतः चालत जात नाही. आपले हात त्याला नेऊन सोडतात.

उदाहरण आपल्याच राज्यातलं. नोव्हेंबर 2021 च्या शेवटी ठाणे जिल्ह्यात भिवंडी तालुक्यातल्या एका वृद्धाश्रमात साठहून जास्त जण एकदम कोरोनाबाधित निघाले. त्यातल्या बहुतेकांनी लशीचे दोन्ही डोस घेतलेले होते. आणि त्याआधी, फेब्रुवारी 2020 मध्ये, अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या किर्कलँड गावी एका नर्सिंग होममध्ये साथ घुसली. तिकडे नर्सिंग होम म्हणजे म्हाताऱ्यांना कायमचं सांभाळायची जागा. आपल्याकडे त्याला छोटा खासगी दवाखाना म्हणतात, तो नाही. मार्चच्या पहिल्या दहा दिवसांतच त्या एका जागेशी जोडलेले 129 रुग्ण झाले होते: 81 राहणारे, 34 कर्मचारी, 14 भेटायला आलेले. 23 जण दगावले.

तपास करणाऱ्यांनी कारणं काय काढली, ती वाचा आणि आपल्या गावाशी ताडून बघा. अंगात लक्षणं असताना कर्मचारी कामावर येत होते. तेच कर्मचारी दोन-दोन ठिकाणी ड्युटी करत होते. संरक्षक साधनं कशी वापरायची, हे नीट माहीत नव्हतं. आता सांगा, बार्शीत दिवसा एका दवाखान्यात आणि रात्री दुसरीकडे काम करणाऱ्या मावशी, मामा तुमच्या ओळखीत नाहीत का?

"सर, हे सगळं मोठ्या हॉस्पिटलचं काम"

हा आक्षेप हमखास येतो. "आपल्या गावात लोक एवढे पैसे देत नाहीत." चला, हिशेब मांडू. खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमच्या दुकानातला भाव तुम्ही बघून टाका.

बारा बेड. चार जण अंथरुणाला खिळलेले, आठ जण हिंडते-फिरते. खिळलेल्या माणसाला दिवसाला 8 जोड ग्लोव्हज, बाकीच्यांना 2 जोड. झाले 48 जोड, म्हणजे रोज साधारण शंभराचा एक खोका. खोका 300 रुपये धरा, महिन्याचे 9,000. हाताला लावायचं अल्कोहोल रब दर माणशी रोज 20 मिली, म्हणजे महिन्याला साडेसात लिटरच्या आत, 1,000 रुपये. साबण, सोडियम हायपोक्लोराइट, फरशी पुसायचं सामान, 2,000. वैद्यकीय कचरा नेणाऱ्या एजन्सीचे 1,500. किरकोळ आणि ट्रेनिंगचे 1,500. बेरीज 15,000.

बारा जणांत वाटले तर माणशी महिना 1,250. दिवसाला साधारण 42 रुपये. दोन वडापाव आणि एक चहा!

आता दुसरी बाजू. तुमची महिन्याची फी माणशी 15,000 धरली, तर एका बेडच्या फीमध्ये हा सगळा खर्च भागतो. आणि एका पेशंटला तुमच्याकडून खरूज लागली, मुलीनं ती नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली, तर एक बेड नाही, चार बेड रिकामे होतात. बार्शी मोठं गाव असलं तरी बातमी संध्याकाळपर्यंत पांडे चौकात काय, कुठेही पोचते. हा खर्च वाचवणं म्हणजे सुताची बचत करून नेसूचं फेडणं.

मग करायचं काय? माझ्या मते या आठ गोष्टी

1. हात. पेशंटला हात लावण्याआधी, लावल्यानंतर, नळी-ड्रेसिंगच्या कामाआधी, अंगातलं कुठलंही द्रव लागल्यानंतर, आणि पेशंटच्या बेड-टेबलला हात लागल्यानंतर. जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलेल्या या पाच वेळा. अल्कोहोल रब 20 ते 30 सेकंद, साबण-पाणी 40 ते 60 सेकंद. रबची बाटली प्रत्येक बेडच्या पायाशी हवी, ऑफिसच्या कपाटात नको. उन्हाळ्यात आपल्याकडे पाण्याची ओढ असते, तेव्हा रब कामी येतं. पण हात दिसायला घाण असेल किंवा पेशंटला जुलाब असतील, तर साबण-पाणीच. म्हणजे पाण्याची टाकी बघूनच जागा घ्या.

2. ग्लोव्हज. एक पेशंट, एक काम, एक जोड. काढले की परत हात धुवायचे. ग्लोव्हज घातलेला घाणेरडा हात हा उघड्या हाताइतकाच घाणेरडा.

3. लघवीची नळी. पिशवी कायम कमरेच्या खाली, पण फरशीला टेकलेली नको. बेडला हूक लावा. पिशवी रिकामी करायचं भांडं प्रत्येकाचं वेगळं. आणि नळी गरजेपेक्षा एक दिवसही जास्त ठेवायची नाही, डॉक्टरांना दर भेटीत विचारा, "अजून लागते का?"

4. पाठ आणि तोंड. खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदला, वहीत वेळ लिहा. भरवताना बसतं करून भरवा. दात, कवळी, तोंड रोज स्वच्छ करा. तोंडातली घाण फुप्फुसात गेली की न्यूमोनिया होतो, हे फार कमी लोकांना माहीत असतं.

5. कपडे. प्रत्येकाला चादरींचे तीन जोड: एक अंगाखाली, एक धुण्यात, एक कपाटात. घाण चादर झटकायची नाही, जागेवरच गुंडाळून पिशवीत. धुताना पाणी 71 अंश सेल्सिअस, निदान 25 मिनिटं.

6. खरूज. वृद्धाश्रमाचा हा जुना शत्रू. पहिल्यांदा लागण झाली तर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर ती सगळीकडे गेलेली असते. म्हणून एकाला निघाली की डॉक्टरांच्या सल्ल्यानं सगळ्यांना, कर्मचाऱ्यांसकट, एकाच दिवशी मलम. एकेकाला लावत बसलात तर वर्षभर लावत बसाल.

7. खोकला. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकीची तपासणी, पेशंट असो की मावशी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. समोरासमोर खिडक्या असलेली खोली निवडा. एसीपेक्षा वारा स्वस्त आणि बरा. आणि एक खोली कायम रिकामी ठेवा, आजारी पडणाऱ्याला वेगळं ठेवायला. हो, रिकामी. तिचं भाडं बाकीच्या अकरा बेडच्या दरात आधीच धरा.

8. सुया आणि कचरा. 2016 च्या जैव-वैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत रंग ठरलेले आहेत. रक्त लागलेला कापूस, ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत. नळ्या, लघवीच्या पिशव्या, सुई काढलेल्या सिरिंज लाल पिशवीत. सुया, ब्लेड पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात. काच निळ्यात. 48 तासांच्या वर साठवायचं नाही. वापरलेल्या सुईला परत टोपण घालायचं नाही. टोचलीच तर बोट पिळू नका, साबण-पाण्यानं धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा. एचआयव्हीसाठीची औषधं 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली. कर्मचाऱ्यांना हेपटायटिस बी च्या लशीचे तीन डोस तुमच्या खर्चानं द्या.

आणि कॅन्सरच्या पेशंटला ठेवणार असाल, जे बार्शीत होणारच, तर एक जास्तीची गोष्ट. केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. या काळात 100.4 फॅरनहाइट किंवा त्यावर ताप म्हणजे रात्री दोन वाजले असले तरी हॉस्पिटल. "सकाळी बघू" हे वाक्य तुमच्या सेंटरमध्ये बंद. तसंच डॉक्टरांना न विचारता अँटिबायोटिक देणंही बंद. माझ्या आत्याचे दोन दिवस त्यातच गेले.

सगळ्यात महाग वाटणारी, पण सगळ्यात स्वस्त गोष्ट

भरपगारी आजारपणाची रजा. तुमच्या मावशींना ताप आलाय. खाडा केला तर दिवसाचा पगार कापला जातो. घरी पोरांची फी भरायचीय. त्या काय करतील? गोळी खाऊन कामावर येतील. आणि तुम्ही खूश व्हाल, किती प्रामाणिक बाई! त्या प्रामाणिकपणाची किंमत बारा म्हातारी माणसं देतात. महिन्याला दोन दिवस भरपगारी रजा द्या, बदलीची बाई आधीच ठरवून ठेवा, आणि दुसरीकडे ड्युटी करावी लागणार नाही एवढा पगार द्या. माझं ठाम मत आहे, ज्याला हे परवडत नाही त्याचा दर चुकलाय. आणि दर वाढवूनही परवडत नसेल, तर हा धंदा त्याच्यासाठी नाही.

रात्रपाळीचंही तसंच. एका पाळीत हात साफ करायचे प्रसंग किमान चाळीस येतात. अर्ध्या मिनिटानं धरले तरी वीस मिनिटं. एकट्या बाईवर बारा पेशंट टाकले की पहिली कात्री याच वीस मिनिटांना लागते. दोष तिचा नाही, तुमच्या ड्युटी चार्टचा.

कागदपत्रं

"आम्ही दवाखाना नाही, वृद्धाश्रम आहोत" असं म्हणून सुटता येत नाही. 1949 च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्यातली व्याख्या रुंद आहे. आजारी, जखमी किंवा अशक्त माणसांना ठेवून तिथे उपचार आणि शुश्रूषा होत असेल तर तो कायदा लागू होऊ शकतो. नळी, ड्रेसिंग, इंजेक्शन होणार असेल तर आरोग्य विभागाकडे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आधी लेखी विचारा. बोर्ड नंतर रंगवा.

आणि जर काही घडलंच तर?

घडणार. सगळं करूनही कधीतरी ताप येईल, जुलाब होतील. तेव्हा तुमची खरी परीक्षा. बहुतेक मालक लपवतात. मी म्हणतो, त्याच दिवशी फोन करा. "ताई, आईंना आज सकाळपासून ताप आहे. आणखी दोघांना पण आहे. डॉक्टर येऊन गेले, आईंना वेगळ्या खोलीत ठेवलंय. दोन दिवस भेटायला नका येऊ, संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावून देतो." एवढंच. चिडतील, पण विश्वास राहील. आम्हाला तसा फोन पहिल्या दिवशी आला असता तर मी रात्रीच गाडी काढली असती.

सगळ्यांनी सेंटरच काढायला हवं का?

मुळीच नाही. वरची यादी वाचून छातीत धडकी भरली असेल तर ती चांगली खूण आहे. याच यादीत दुसरे धंदे दडलेत. दवाखान्यांच्या चादरी ठरलेल्या तापमानाला धुऊन देणारी लाँड्री. केअरटेकर मावशी-मामांना शिकवणारा छोटा कोर्स. घरी जाऊन अंघोळ, कूस, नळीची काळजी घेणारी प्रशिक्षित माणसं पुरवणं. भांडवल कमी, जोखीम कमी, आणि गावाला गरज तेवढीच.

या आठवड्याचा गृहपाठ: एका चालू केअर सेंटरला किंवा दवाखान्याला, परवानगी घेऊन, अर्धा तास भेट द्या. टीव्ही बघू नका, फरशी बघू नका. कोपऱ्यात बसा आणि फक्त एका माणसाचे हात बघा. ते कशाला लागले आणि मध्ये किती वेळा धुतले गेले, वहीत रेघा ओढा. मग तुमचा बिझनेस प्लॅन उघडा आणि पहिल्या पानावर बेसिन कुठे आहे ते काढा.

ते काढलंत की मला भेटा. दराचं, लोनचं, जाहिरातीचं आपण मग बोलू.